झालर पाहावी की खवले मोजावेत?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्याआधी गेलात, तर एखाद्या दगडावर मान ताठ करून बसलेला नर सरडा गळ्याखालची झालर फटकन उघडताना दिसतो. निळा, काळा, केशरी असे तीन रंग आणि धडाच्या निम्म्यापर्यंत पोहोचलेला पसारा. मादी मात्र मातकट, पाठीवर शंकरपाळ्यांसारखी नक्षी आणि रंगीत झालरीचा पत्ता नाही. दोघांना शेजारी ठेवलं तर अनोळखी माणूस बिनदिक्कत दोन जाती सांगून मोकळा होईल.

सरड्याच्या जातीचं वर्णन लिहिणाऱ्याचा पेचही हाच. समोरच्या नमुन्यांत फरक तर असणारच, पण त्यातले वयाचे कोणते, लिंगाचे कोणते, ऋतूचे कोणते आणि खरोखर जातीचे कोणते? रंगावर भिस्त ठेवावी, तर तो अल्कोहोलच्या बरणीत उडून जातो. संग्रहालयातला जुना नमुना बाहेर काढला की हाती येतो एक आखडलेला, करडा-पिवळट प्राणी. झालर असते, पण मिटलेली आणि बेरंग.

या सरड्यांचा इतिहास त्यामुळेच गुंतागुंतीचा झाला. क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1829 मध्ये सिताना पॉन्टिसेरियाना असं नाव दिलं, ते पुदुच्चेरीवरून. जर्डन या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकाने 1870 मध्ये दख्खनच्या सरड्याला डेक्कनेन्सिस हे वेगळं नाव दिलं. तरी पुढे कित्येक वर्षं देशभरातले झालरवाले सरडे पॉन्टिसेरियाना या एकाच नावाखाली ढकलले जात होते. कुठे झालर पांढरी, कुठे त्यावर निळी रेघ, कुठे भडक तिरंगी. ‘एकाच जातीतली विविधता’ म्हटलं की विषय संपायचा.

2016 मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून हा गठ्ठा सोडवला. पाच नव्या जाती निघाल्या आणि एक नवी प्रजातीही, म्हणजे जवळच्या जातींचा गट. तिचं नाव चक्क ‘सरडा’! या प्रजातीत जर्डनचा डेक्कनेन्सिस परत आपल्या नावाने आला, शिवाय डार्विनी आणि चाळकेवाडीचा सुपर्बा.

असं वर्णन करताना हातात व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घेण्याचं साधन, असतं आणि डोळे सूक्ष्मदर्शकाला लावलेले. लांबी मोजायची ती तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रापर्यंत. शेपटी वेगळी, कारण ती तुटकी असू शकते. नुसत्या लांबीला फारसा अर्थ नसतो, पिल्लू वाढतंच. म्हणून प्रमाणं काढतात: डोकं किती लांब, किती रुंद, झालर धडाच्या किती टक्के. मग खवले. पोटावरचे मोजायचे, धडाभोवती एका फेरीत किती ते मोजायचं, मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या मोजायच्या. काम कंटाळवाणं आहे, पण त्यामागचं कारण मोठं सुंदर: सरडा वाढतो तेव्हा खवले आकाराने वाढतात, संख्येने नाही. त्यामुळे पिल्लाची आणि प्रौढाची तुलना करता येते. अर्थात एकाच जातीतही आकडे थोडे पुढेमागे होतात, म्हणून वर्णनात एक आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पल्ला देतात. नमुने कमी असतील तर तो पल्ला फसवा निघतो.

काही खुणा मात्र अजिबात हलत नाहीत. या साऱ्या झालरवाल्यांच्या मागच्या पायाला चारच बोटं असतात, बागेतल्या नेहमीच्या सरड्याला पाच. हा गट ओळखायला ही खूण पक्की, पण गटातल्या जाती वेगळ्या करायला निरुपयोगी.

आणि रंग? चाळकेवाडीच्याच परिसरातला, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे वाचण्यासारखा आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली. पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. सरडे मात्र जास्त, आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत जागचे न हलणारे. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं, अंगाने ते रोडावलेले होते आणि नरांच्या झालरीचे रंगही फिके होते. जात तीच, पठारही तेच, तरी झालरीच्या रंगात फरक. कोणी यातले मोजकेच नर पकडून नुसत्या रंगावर निकाल दिला असता, तर एका सुपर्बाच्या दोन जाती व्हायला वेळ लागला नसता. म्हणूनच नमुन्याच्या चिठ्ठीवर नेमकं ठिकाण, तारीख आणि लिंग लागतं, आणि जोडीला जिवंतपणी, झालर उघडी असताना काढलेला फोटो.