माइनमुळा

माइनमुळा (गुजराती : गरमर, शास्त्रीय नाव कोलियस बार्बेटस, कुल : लॅमिएसी) : पुदिना व तुळस यांच्या कुलातील बहुवर्षायू, सुगंधी ओषधी (मऊ खोडाची लहान वनस्पती). भारतात ती हिमालयाच्या उबदार उतारांवर व द्वीपकल्पातील कोरड्या, उघड्या डोंगरांवर रानटी वाढते; नेपाळ, श्रीलंका, अरबस्तान व पूर्व आफ्रिकेतही आढळते. माइनमुळ्याची पाने लवदार, फुले निळी-जांभळी व फुलाचा खालचा ओठ होडीसारखा असतो. लोणच्यासाठी जाड, मांसल मुळे वापरतात.

वनस्पतींचे अभ्यासक अँड्रूझ यांनी 1810 मध्ये या जातीला प्लेक्ट्रँथस बार्बेटस हे नाव दिले. औषधशास्त्रात मात्र कोलियस फोर्स्कोहली हेच नाव रुळले. ते मुळात दुसऱ्या जातीचे असून या वनस्पतीला चुकून लावले गेले, असे मत आता बहुतेक वर्गीकरणकार मानतात. 2019 मध्ये कोलियस ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) प्लेक्ट्रँथसपासून पुन्हा स्वतंत्र धरण्यात आली. प्रस्तुत नोंदीत तेच वर्गीकरण स्वीकारले आहे.

या वनस्पतीचे महत्त्व मुळांतील फोर्स्कोलिन या द्रव्यामुळे वाढले; ते लॅब्डेन गटातील डायटर्पीन (वनस्पतींत आढळणाऱ्या कार्बनी संयुगांचा एक प्रकार) असून त्याचे रेणुसूत्र C₂₂H₃₄O₇ आहे. ठाण्याच्या वेशीला लागून असलेल्या मुलुंड येथील हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात रक्तदाब उतरवणाऱ्या द्रव्यांसाठी वनस्पतींची तपासणी चालू असताना ते मुळांतून वेगळे करण्यात आले. त्याची संरचना 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने याच वनस्पतीतून मिळवलेल्या द्रव्याला कोलिओनॉल म्हटले. रेणूतील सातव्या कार्बनवरील ॲसिटॉक्सी गटाची दिशा उलट मानल्यामुळे ही दोन द्रव्ये वेगळी समजली जात. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती एकच असल्याचे दाखवले. त्यामुळे शोधाचे श्रेय एकाच प्रयोगशाळेला देण्याची प्रथा सोडून दोन्हींचा उल्लेख करणे अधिक न्याय्य ठरते.

फोर्स्कोलिन पेशींतील ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला (एंझाइमला) थेट चेतना देते. त्यामुळे चक्रीय एएमपी या पेशींतील संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढते (सीमन व सहकारी, 1981). जगभरच्या जीवरसायन प्रयोगशाळांत ते आज नेहमीचे साधन आहे. 1980 च्या दशकात त्याचे संपूर्ण संश्लेषण साधले, तरी व्यापारी पुरवठा मुळांवरच अवलंबून राहिला.

मूळ खणले की झाडही जाते. औषधासाठी झालेल्या बेसुमार खणणीने रानटी वस्ती विरळ झाली, ही गंभीर बाब आहे. कर्नाटक व तमिळनाडूत छाटकलमांपासून लागवड केली जाते.