पहिल्या पानाचा हक्क: टेक्सासच्या शेरीफ कचेरीतल्या नोंदी

अमेरिकेत पोलिसांकडून कागद काढायचा म्हटला की पहिले नाव येते ते 'फोइया'चे, म्हणजे फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्टचे. पण १९६६ चा हा कायदा केंद्र सरकारच्या खात्यांपुरता आहे. एफबीआयला तो लागू होतो, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, शेरीफला नाही. शेरीफचे दप्तर राज्याच्या कायद्याखाली येते आणि हे कायदे राज्यागणिक बदलतात. व्हर्जिनियात मागण्याचा हक्क मुख्यतः त्या राज्याच्या नागरिकांनाच आहे, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट वैध ठरवली. टेक्सासमध्ये अशी अट नाही. अर्जदार डॅलसचा असो की डोंबिवलीचा, अर्ज करता येतो, आणि माहिती कशासाठी हवी हे कचेरीने विचारायचे नसते. ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची शेरीफशी गाठ पडते ती बहुधा शहराची हद्द ओलांडल्यावर: रस्त्यात झालेली अटक, गाडीतली चोरी, नातेवाईक काउंटीच्या तुरुंगात.

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा शेरीफ चार वर्षांसाठी निवडून येतो. मुंबईच्या नगरपालांसारखे हे शोभेचे पद नाही. गस्त, तुरुंग, समन्स बजावणे, रात्री-बेरात्री ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर येणारे फोन, सगळे त्याच्याकडे. लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसे भरली. दहा हजारांखालच्या वस्तीच्या काउंट्यांत शेरीफनेच कर गोळा करावा अशी तरतूद राज्यघटनेत आहे आणि काही ठिकाणी ती अजून चालू आहे. अशा कचेरीत नोंदींचा वेगळा विभाग नसतो. डिस्पॅचवर, म्हणजे फोन घेऊन गाड्या धाडायच्या टेबलावर, बसणारा किंवा तुरुंगाचा कारभार बघणारा माणूसच फाइल शोधतो, आणि कायद्याचा प्रश्न आला की काउंटीच्या वकिलाकडे पाठवतो. आपल्या कचेरीच्या नोंदींचा माहिती अधिकारी कायद्याने खुद्द शेरीफ असतो. काउंटी क्लर्कच्या नावे दिलेला अर्ज म्हणजे शेरीफला दिलेला अर्ज नव्हे. बरेच अर्ज इथेच भरकटतात.

हा कायदा आला एका शेअर घोटाळ्यातून. ह्यूस्टनचा बांधकाम व्यावसायिक फ्रँक शार्प याला आपल्या बँकेच्या सोयीची विधेयके मंजूर करून हवी होती. त्याच्या शार्पस्टाउन बँकेने आमदारांना आणि बड्या नेत्यांना कर्जे दिली, त्या पैशांतून त्यांनी त्याच्याच विमा कंपनीचे शेअर घेतले आणि भाव फुगल्यावर नफ्यात विकले. १९७१ च्या जानेवारीत केंद्राच्या रोखे नियामकाने दावा लावला तेव्हा हे बाहेर आले. प्रतिनिधीगृहाचे सभापती गस मुशर १९७२ मध्ये दोषी ठरले आणि गव्हर्नर प्रेस्टन स्मिथ त्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. पुढच्या निवडणुकीत सुधारणेची भाषा करणारे आमदार मोठ्या संख्येने आले आणि १९७३ मध्ये ओपन रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट मंजूर झाला. तोच आज पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्ट म्हणून ओळखला जातो. गव्हर्नमेंट कोडचा अध्याय ५५२. या कायद्याचा भर पैशांच्या व्यवहारांवर होता. पोलिसांचे दप्तर त्यात अपवाद म्हणूनच आले.

त्या अपवादाची हद्द आखली न्यायालयाने. ह्यूस्टन क्रॉनिकल या दैनिकाने शहर पोलिसांविरुद्ध दावा लावला आणि १९७५ मध्ये अपील न्यायालयाने गुन्ह्याच्या अहवालाचे दोन भाग पाडले. घटना अहवालाच्या पहिल्या पानावरचा मजकूर लोकांचा; मागच्या पुरवण्या, म्हणजे साक्षीदारांचे म्हणणे, तपासाची दिशा, संशयिताचा जुना गुन्हेगारी इतिहास, हे पोलिसांचे. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचे नाकारले, आणि राज्याचा मुख्य विधी अधिकारी असलेल्या अ‍ॅटर्नी जनरलने १९७६ च्या निर्णय क्रमांक १२७ मध्ये पहिल्या पानात काय मोडते याची यादीच दिली: अटक झालेल्याचे नाव, वय, पत्ता, अटकेची वेळ आणि जागा, आरोप आणि न्यायालय, जामीन, घटनास्थळ, तक्रारदाराची ओळख, गुन्ह्याचे सविस्तर वर्णन, अधिकाऱ्यांची नावे, इतकेच काय, त्या वेळचे हवामानसुद्धा.

पुढे ही यादी 'मूलभूत माहिती' या नावाने कलम ५५२.१०८ च्या पोटकलम (क) मध्ये आली. आजही शेरीफ बाकी सगळे अडवू शकतो, पण ही माहिती नाही. आणि हे शब्दशः पहिल्या पानापुरते नाही; वर्णन तिसऱ्या पानावर असेल तर तिसऱ्या पानावरचे द्यायचे. फॉर्मवर दोन ओळी खरडून तेवढ्याच हातावर ठेवणाऱ्या कचेऱ्यांना हा मुद्दा लेखी सांगावा लागतो.

दुसरे वळण १९९६ चे. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीच्या सरकारी वकिलाच्या खटल्यात (होम्स विरुद्ध मोरालेस) राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रकरण बंद झाले तरी वकिलाची फाइल बंदच राहू शकते. विधिमंडळाने १९९७ मध्ये अपवाद आखूड केला. आता कागद अडवायचा तर कचेरीने तपासात अडथळा येईल असे तरी दाखवायचे, नाहीतर प्रकरण शिक्षेत किंवा देखरेखीवर सोडण्याच्या आदेशात संपलेले नाही असे दाखवायचे. दुसऱ्या पर्यायामागचा हेतू सरळ होता: निर्दोष सुटलेल्याची बदनामी नको. पण कोठडीत किंवा पोलिसांच्या गोळीने मेलेल्या माणसाला शिक्षा कधीच होत नाही, म्हणून त्याची फाइलही याच कलमाखाली कायमची अडवता येते. टेक्सासमधले पत्रकार याला मेलेल्या संशयिताची पळवाट म्हणतात. ती बुजवणारे विधेयक २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडकले.

कोठडीतल्या मृत्यूला मात्र एक बाजूचा रस्ता आहे. असा मृत्यू झाला की ३० दिवसांत अ‍ॅटर्नी जनरलकडे अहवाल द्यावा लागतो, आणि गोपनीय ठरवलेला भाग वगळता तो सार्वजनिक असतो. शेरीफ काही देत नसेल तरी हा कागद तिकडून मिळतो.

टेक्सासच्या उवाल्डे काउंटीत ही सगळी ओढाताण एकाच प्रकरणात दिसली. काउंटीची वस्ती सुमारे २५ हजार. २४ मे २०२२ रोजी रॉब शाळेतल्या गोळीबारात १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. वेगवेगळ्या दलांचे ३७६ जण तिथे पोचले होते, तरी नोंदी अडवल्या गेल्या. माध्यमांनी दावे लावले. काउंटी आणि शाळा जिल्ह्याने नोंदी द्याव्यात हा आदेश सॅन अँटोनियोच्या अपील न्यायालयाने कायम केला तो जुलै २०२५ मध्ये, आणि कागद ऑगस्टमध्ये बाहेर आले.

आता प्रत्यक्ष अर्ज. तो लेखीच हवा. फोनवरच्या विचारणेने मुदत सुरू होत नाही. २०१९ पासून टपाल, हातपोच आणि कचेरीने ठरवून दिलेला ईमेल पत्ता हे मुख्य मार्ग आहेत. शेरीफच्या हाताखालच्या एखाद्या डेप्युटीच्या ईमेलवर धाडलेला अर्ज कायद्याच्या हिशोबात अर्जच ठरत नाही. प्रश्न विचारू नयेत, नोंदी मागाव्यात: 'त्याला का पकडले?' याला उत्तर द्यायला कचेरी बांधील नाही, पण 'अमुक तारखेच्या, अमुक रस्त्यावरच्या घटनेचा अहवाल, डिस्पॅचची कॉल शीट आणि तुरुंगात दाखल करतानाची नोंद' याला आहे. कॉल शीट आवर्जून मागावी. फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली हे तिच्यात मिनिटाबरहुकूम असते, आणि छोट्या कचेरीत घटना अहवाल लिहिलाच गेला नसेल तरी ती असते.

कागद अडवायचा तर १० कामकाजाच्या दिवसांत अ‍ॅटर्नी जनरलचा निर्णय मागावा लागतो, आणि तसे मागितल्याचे अर्जदारालाही कळवावे लागते. निर्णयाला ४५ कामकाजाचे दिवस लागू शकतात; तोवर अर्जदार आपले म्हणणे त्यांना लिहू शकतो. १० दिवस उलटले आणि पत्र गेले नाही, तर माहिती सार्वजनिक समजली जाते आणि तपासाचा अपवाद सहसा हातचा जातो. छोट्या कचेऱ्यांची चूक बहुतेक इथे होते. लबाडी क्वचित असते. वकील अर्धवेळ असतो आणि अर्ज टेबलावर पडून राहतो. म्हणून अर्ज पोचल्याची तारीख लेखी घेऊन ठेवावी. उलट, कचेरीने खुलासा मागितला आणि ६१ व्या दिवसापर्यंत उत्तर गेले नाही, तर अर्ज मागे घेतला असे धरतात.

बॉडी कॅमेऱ्याच्या चित्रणाला २०१५ च्या कायद्याने वेगळे नियम आहेत. तारीख आणि अंदाजे वेळ, नेमकी जागा, आणि चित्रणात असलेल्या निदान एका माणसाचे नाव, तिन्ही द्यावे लागतात. एक राहिले की अर्ज परत. जपणुकीची किमान मुदत ९० दिवस आहे, तेव्हा अहवालाची वाट बघत चित्रण मागायचे थांबू नये.

खर्च फार नसतो. साध्या प्रतीला पानामागे १० सेंट. ५० पानांपर्यंत मजुरी सहसा लावता येत नाही. त्यापुढे तासाला १५ डॉलर आणि त्यावर २० टक्के वरखर्च. पण कागद दूरच्या गोदामात असतील तर ५० पानांची सवलत मिळत नाही, आणि जुन्या काउंट्यांत ते बरेचदा तसेच असतात. ४० डॉलरपेक्षा जास्त लागणार असेल तर आधी अंदाजपत्रक येते. त्याला १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिले नाही तर अर्ज बाद. १६ पेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेली संस्था ५० डॉलरच्या वर आगाऊ रक्कम मागू शकते, मोठ्या संस्थांना ही मर्यादा १०० ची आहे.

शेरीफकडे नसलेले कागद त्याच्याकडे मागण्यात फार वेळ जातो. ग्रामीण हमरस्त्यावरच्या अपघाताचा पंचनामा बहुधा राज्याचे महामार्ग पोलीस करतात. तो अहवाल राज्याच्या परिवहन खात्याकडून ६ डॉलरला मिळतो. शेरीफकडे फक्त कॉल शीट असते. न्यायालये या कायद्याबाहेर आहेत, तरी अटक वॉरंट आणि त्यासाठी दिलेले प्रतिज्ञापत्र वॉरंट बजावल्यावर सार्वजनिक असते. त्यात अधिकाऱ्याने अटकेची कारणे शपथेवर मांडलेली असतात, आणि शेरीफने दिलेल्या मूलभूत माहितीपेक्षा हा मजकूर बहुतेक वेळा जास्त भरतो. तो मॅजिस्ट्रेटच्या क्लर्ककडे मागायचा.