पार्किंग पॉल (जुन्या स्वयंचलित मोटारी)

पार्किंग पॉल म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्सच्या मोटारीला उभ्या जागी अडकवून ठेवणारा लोखंडी खटका. गिअरचा दांडा ‘पी’वर (पार्क) नेला की हा खटका गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरील, म्हणजे चाकांकडे फिरणे पोहोचवणाऱ्या शाफ्टवरील दातेरी चाकाच्या खाचेत बसतो. मग शाफ्ट फिरत नाही आणि त्याला जोडलेली चाकेही फिरत नाहीत. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जी बारकी ‘कुत्री’ असतात, त्यांच्याच जातीचा हा भाग. फक्त इथे कुत्रे एकच असते आणि सबंध गाडीचा भार त्याच्या एका दातावर येतो. दांडा ‘पी’वर असूनही गाडी गडगडते किंवा दांडा ‘पी’पर्यंत जातच नाही, ही जुन्या गाड्यांची नेहमीची तक्रार आहे.

‘पी’ ही जागा सुरुवातीपासून नव्हती. ओल्ड्समोबिलच्या १९४०च्या मॉडेलांत आलेल्या हायड्रामॅटिक या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये इंजिन बंद करून दांडा रिव्हर्समध्ये ठेवला की गाडी अडकत असे. १९५०च्या शेव्हरोले पॉवरग्लाइडमध्ये ‘पी’ होता, पण त्याच्या शेजारी न्यूट्रल होता, तर रिव्हर्स पार दुसऱ्या टोकाला. दांड्याऐवजी बटणे असलेल्या क्रायस्लरच्या पहिल्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये तर पॉलच नव्हता. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेल्या हँडब्रेकवरच सगळी भिस्त. तेव्हा अशी गाडी हाती आली, तर ‘पी’ बिघडला आहे की मुळात दिलेलाच नाही, हे आधी पाहावे.

पुढचे विवेचन मुख्यतः जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) आणि ३५० (१९६९) यांना धरून आहे. गिअरबॉक्सच्या कुशीतून एक आडवा शाफ्ट आत जातो. बाहेरून दांड्याचा रॉड त्याला फिरवतो. आत त्याच्यावर खाचांची पट्टी असते आणि स्प्रिंगवरचा रोलर या खाचांत टक्‌टक्‌ बसतो. हाताला गिअर ‘लागल्याचे’ जाणवते ते या रोलरमुळे. त्याच पट्टीला एक सळई जोडलेली असते. तिच्या टोकाशी स्प्रिंगच्या जोरावर सरकणारा शंकूसारखा तुकडा असतो आणि तो पॉलला दात्यांकडे ढकलतो. खटक्यासमोर खाचेऐवजी दाता आला, तर स्प्रिंग दबून राहते आणि गाडी इंचभर हलली की खटका खाचेत पडतो. म्हणून चढावर ‘पी’ टाकल्यावर गाडी जराशी सरकून थांबली, तर तो बिघाड नव्हे.

या साऱ्यात तेलाच्या दाबाचा काही संबंध नाही. ‘पी’ बसत नाही म्हणून तेल बदलणे हा या दुखण्यावरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी इलाज आहे.

तपासणीपूर्वी गाडी सपाट जागी घेऊन चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. जे यंत्र गाडी अडवते तेच संशयित असल्यामुळे त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपू नये. मागचे एकच चाक जॅकवर उचलणे तर सर्वांत घातक. पॉल शाफ्टला अडवतो, चाकांना थेट नाही. साधा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी) असेल तर उचललेले चाक उलटे फिरते, जमिनीवरचे सुलटे, आणि पॉल शाबूत असूनही गाडी निघून जाते.

मग खाली जाऊन बाहेरचा रॉड गिअरबॉक्सच्या लिव्हरपासून सोडवायचा आणि लिव्हर हाताने ‘पी’च्या टोकापर्यंत न्यायचा. टक्‌ असा स्पष्ट आवाज येऊन प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) अडकला, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. दोष रॉड आणि दांडा यांच्यामध्ये कुठेतरी आहे. जुन्या गाड्यांत आधी संशय घ्यावा तो इथेच. सांध्यांतले नायलॉनचे किंवा रबराचे बुश (भोकात बसणारी छोटी नळी) झिजून भुगा झालेले असतात, रॉडचे भोक लांबट झालेले असते. इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे माउंटिंग खचले तरी रॉडचे माप चुकते. बुशमध्ये चार मिलिमीटरची ढिलाई असेल, तर दांडा वर ‘पी’ दाखवतो आणि खाली रोलर ‘पी’ व ‘आर’ (रिव्हर्स) यांच्या मधल्या उंचवट्यावर टेकून बसतो. स्टिअरिंगखालचा दांडा पद्मिनी किंवा अँबेसेडर चालवलेल्यांना नवा नाही. इथेही दांडा बसवलेल्या स्टिअरिंगच्या नळीच्या खालच्या टोकाचा बुश आधी जातो. किल्ली फिरवल्यावर गाडी ‘पी’मध्ये सुरू होत नाही, न्यूट्रलमध्ये मात्र होते, ही याचीच खूण असू शकते; स्टार्टरचा सुरक्षा स्विच सहसा त्याच जोडणीवर असतो.

बुश नवे घातल्यावर रॉड जुळवताना खालचा लिव्हर खात्रीने ‘पी’च्या खाचेत आणि वरचा दांडा ‘पी’च्या खोबणीत ठेवून मगच बोल्ट आवळतात. काही गाड्यांत ही जुळणी ‘पी’ऐवजी न्यूट्रलमध्ये करायची असते, मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेत तसे आहे. रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्ये गिअरबॉक्सवरचा लिव्हर विजेच्या मोटरने फिरतो, तेव्हा तिथे आधी फ्यूज आणि वायरिंग पाहावे.

हाताने फिरवूनही शाफ्ट अडकत नसेल, तर तेलाचे पॅन उतरवावे लागते. त्याला १३ बोल्ट असतात आणि मूळ पॅनला तेल काढायचा बूच बहुधा नसतोच. एक कोपरा आधी ढिला करून तेल हळूहळू परातीत उतरवले नाही, तर ते कोपरापर्यंत ओघळते. आत पहिल्यांदा बघायचे ते आडव्या शाफ्टवरचे नट. ते ढिले झाले की बाहेरचा लिव्हर फिरतो, आतली पट्टी अर्धवट फिरते आणि ‘पी’ हरवतो. पाना लावून ते आवळले की काम झाले, असे बरेचदा घडते. नट घट्ट असेल तर सळई वाकली आहे का, तिच्या टोकाची स्प्रिंग तुटली आहे का, शंकूला टेकू देणारा ब्रॅकेट सैल आहे का, हे पाहतात. पॅनच्या तळाशी लोखंडाचे टोकदार तुकडे दिसले, तर पॉलचे टोक किंवा चाकाचे दाते उडाले असण्याची शक्यता असते. गाडी धावत असताना दांडा ‘पी’वर ओढला की असे होते: कर्र असा आवाज येतो, खटका दात्यांवरून उड्या मारतो आणि दर वेळी थोडा झिजतो. हे काम मात्र गिअरबॉक्स उतरवून मेस्त्रीच्या टेबलावर जाते.

दांडा मधल्या उंचवट्यावर राहण्याचा प्रश्न अमेरिकेत फोर्डच्या स्वयंचलित गाड्यांबाबत सर्वाधिक गाजला. ‘पी’वर आहे असे वाटून चालक उतरे आणि चालू इंजिनाची गाडी रिव्हर्समध्ये मागे सुटे. सरकारी चौकशीनंतर १९८०च्या अखेरीस झालेल्या तडजोडीत गाड्या परत बोलावल्या गेल्या नाहीत, सुमारे २.३ कोटी मालकांना डॅशबोर्डवर चिकटवण्यासाठी इशाऱ्याची पट्टी पाठवण्याचे ठरले. एवढ्या गंभीर दोषावर चिकटपट्टीचा उपाय तेव्हाही अनेकांना पटला नव्हता.

चढावर गाडी लावताना दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून आधी हँडब्रेक ओढावा, पायाचा ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, पुन्हा ब्रेक दाबून मग ‘पी’ टाकावा. क्रम उलटा झाला की सगळे वजन खटक्यावर येते आणि निघताना दांडा ‘पी’तून ओढून काढावा लागतो, त्या वेळी येणारा ‘धाड’ असा आवाज खटका दात्यांतून सुटल्याचा असतो.