सूर्यफुलावर बसलेला मेक्सिकन भुंगा

पावसाळा लागला की मोबाईलवर फोटो फिरू लागतात: पांढुरक्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला भुंगा, खाली 'नवी कीड, ताबडतोब फवारा'. कृपा करून फवारू नका. हा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा. त्याचं अन्न म्हणजे धुऱ्यावरचं गाजर गवत.

हे गवत अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर माजलं. त्याच्यातलं पार्थेनिन हे कडू रसायन इथल्या बहुतेक किड्यांना मानवत नाही आणि जे किडे ते पचवतात ते मेक्सिकोतच राहिले होते. म्हणून १९८३ साली तिथून हा भुंगा आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ला बंगळुरूत सोडला.

काही वर्षांत कर्नाटकात तो सूर्यफुलाची पानं कुरतडताना दिसला. आपल्याकडे लातूर-धाराशिवच्या शिवारात तेव्हा सूर्यफूल भरपूर असायचं, तेव्हा ही भीती साधी नव्हती. १९९३मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की दोष परागाचा होता. वाऱ्याने गाजर गवताचा पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडत होता.

मला यातलं हेच फार आवडतं. पान खायचं की नाही, हे भुंगा शेवटी चवीवरून ठरवतो. पायांवरच्या आणि तोंडाजवळच्या बारीक केसांतल्या चेतापेशी पानावरची रसायनं ओळखतात. लाखो वर्षं एकाच वनस्पतीवर जगलेल्या किड्यात ही ओळख फार नेमकी होते. परागासोबत ओळखीची रसायनं आली आणि पान परकं असूनही भुंग्याने तोंड लावलं. शिवाय सूर्यफूल गाजर गवताच्याच कुळातलं. पण यजमान, म्हणजे किडा ज्यावर जगतो ती वनस्पती, बदलायला चार चावे पुरत नाहीत. मादीने तिथे अंडी घालावी लागतात, अळ्या त्याच पानांवर वाढाव्या लागतात, त्यांच्यातून पुन्हा प्रजननक्षम पिढी निघावी लागते. सूर्यफुलावर हे चक्र पूर्ण होत नाही.

'भुंगे सोडा, गवत कायमचं संपेल' हा प्रचारही तितकाच खोटा. हिवाळा लागला की बहुतेक भुंगे जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातात आणि जूनच्या पावसाने बाहेर येतात. जायकवाडीच्या कालव्यांकाठी मात्र ओल टिकते आणि गवत रब्बीतही फुलतं. ते फुलण्याआधी मुळासकट उपटावंच लागतं, तेही हातमोजे घालून, कारण या गवताने कातडीला खाज सुटते.