‘कॅन्सरचा जीन’ सगळ्यांकडेच असतो
‘तिच्यात कॅन्सरचा जीन निघाला’ असं कानावर आलं की पोटात गोळा येतो. पण हे जीन जन्मापासून आपल्या सगळ्यांच्या पेशींत असतात आणि ते लागतातच. कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या विषाणूतल्या सार्क जीनचं मूळ १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस या शास्त्रज्ञांना निरोगी पक्ष्यांच्याच पेशींत सापडलं.

रास या जीनपासून बनणारं प्रथिन बघा. वाढीचा निरोप आला की ते चालू होतं, निरोप पुढे पोचवतं आणि पुन्हा बंद होतं. त्याच्या साखळीतलं फक्त १२वं अमिनो आम्ल बदललं, तरी ते चालूच राहू शकतं आणि पेशी वाढत सुटतात. पी५३ हे प्रथिन उलट वाढीला ब्रेक लावतं. डीएनए फारच बिघडला तर पेशीला मरायला लावतं. बीआरसीए१ हा जीन डीएनएच्या दुरुस्तीला हातभार लावतो. त्यामुळे रिपोर्टवर त्याचं नाव दिसलं तर घाबरण्याआधी पुढे कोणता बदल लिहिलाय, ते डॉक्टरांना विचारा.