लिब्रेऑफिस ७.६ नंतर थेट २४.२ कसे?

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरने आवृत्ती ७.६ वरून एकदम २४.२ वर उडी घेतल्याने प्रोग्रॅमच बदलला आणि त्यात जुन्या फाइली उघडत नाहीत, असा समज कोल्हापुरातील डीटीपीच्या दुकानांत अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. २४.२ म्हणजे २०२४ सालचा दुसरा महिना. त्याच वर्षीची ऑगस्टमधील आवृत्ती म्हणूनच २४.८ ठरली. मधले काही गाळलेले नाही, क्रमांक देण्याची रीत तेवढी बदलली, आणि ओडीएफ या लिब्रेऑफिसच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात जतन केलेली जुनी लग्नपत्रिका नव्या आवृत्तीतही उघडते. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसलाच, तर बोल आवृत्तीला लावू नये: युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीचे) फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांकांवरच मराठी वळणे बसवतात, आणि नव्या संगणकावर बहुधा तो फॉन्टच टाकायचा राहिलेला असतो.