मसूर डाळीचं सॅस्काटून कनेक्शन

वाण्याच्या दुकानात जी केशरी-लाल मसूर डाळ मिळते ना, तिच्यातली बरीच डाळ बोटीतून आलेली असते. भारत मसूर भरपूर पिकवतो, खातो मात्र त्याहून जास्त, आणि कमी पडलेली मसूर मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून येते. कॅनडाची म्हणजे खरं तर सॅस्कॅचवान नावाच्या एकाच प्रांताची, कारण तिथली जवळपास सगळी मसूर त्याच प्रांतात होते. आता गंमत अशी की 1970 च्या आधी या प्रांतात मसूर जवळजवळ कोणी पेरतच नव्हतं. थंडीत उणे 30 च्या खाली जाणारा प्रदेश, खाणारी माणसं बटाटा-मांस-ब्रेडवाली, आणि आज तोच प्रांत जगातल्या सगळ्यात मोठ्या मसूर निर्यातदारांमध्ये. हे घडलं एका मध्यम आकाराच्या युनिव्हर्सिटीमुळे.

सॅस्काटून शहरातली युनिव्हर्सिटी ऑफ सॅस्कॅचवान. 1907 ची स्थापना, पंचवीस हजारांच्या आसपास विद्यार्थी, म्हणजे टोरांटो किंवा व्हँकुव्हरच्या मानाने लहानच. तिच्याबद्दल बातम्या येतात त्या वेगळ्याच गोष्टींच्या. कॅम्पसवर सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून तीव्र प्रकाशकिरण काढणारं भलंमोठं यंत्र) आहे, लसींवर काम करणारी मोठी संस्था आहे, आणि 1951 साली कोबाल्ट-60 वापरून कॅन्सरच्या पेशंटवर उपचार सुरू करणाऱ्या जगातल्या पहिल्या दोन ठिकाणांपैकी एक सॅस्काटूनच होतं. सगळं भारी आहे, वाद नाही. पण मला विचाराल तर या युनिव्हर्सिटीने जगाच्या ताटात जेवढी ढवळाढवळ केली ती मसुरीने, आणि त्याचा फोटो कधी पेपरात पहिल्या पानावर येत नाही कारण फोटो काढण्यासारखं तिथे काही नसतंच, गुडघ्याच्या खाली राहणारं एक हिरवं झुडूप.

सुरुवात झाली गव्हाच्या संकटातून. साठच्या दशकाच्या शेवटी कॅनडात गहू इतका पडून राहिला की 1970 मध्ये केंद्र सरकारने शेतकऱ्यांना गहू न पेरण्याचे पैसे दिले. हो, न पेरण्याचे. गव्हाशिवाय दुसरं काय घेता येईल हे शोधायला 1971 मध्ये युनिव्हर्सिटीत क्रॉप डेव्हलपमेंट सेंटर निघालं, आणि 1972 मध्ये अमेरिकेच्या आयडाहोतून अल स्लिंकर्ड नावाचे वनस्पतीशास्त्रज्ञ तिथे आले. आयडाहो-वॉशिंग्टनच्या पट्ट्यात तेव्हा मसूर होत होती, त्यामुळे त्यांना पिकाची ओळख होती. त्यांनी ठिकठिकाणची बियाणी आणून पेरून बघितली, निवडत गेले, आणि 1978 मध्ये लेअर्ड आणि 1980 मध्ये एस्टन अशी दोन वाणं दिली. दोन्ही नावं तिथल्याच गावांची. लेअर्ड मोठ्या दाण्याची हिरवी मसूर, एस्टन बारीक दाण्याची. पुढची कित्येक वर्षं कॅनडाची मसूर म्हणजे मुख्यतः लेअर्ड असंच समीकरण होतं.

पण या प्रांताला मसूर जमली का, हे बघण्यासारखं आहे. तिथे पूर्वी शेतकरी एक वर्ष गहू आणि एक वर्ष जमीन पडीक असं करायचे, ओल साठावी म्हणून. मसुरीच्या मुळांवरच्या गाठींमध्ये रायझोबियम बॅक्टेरिया राहतात, ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, म्हणजे युरियाचा खर्च वाचतो, आणि मसुरीला पाणीही कमी लागतं. पडीक वर्षाच्या जागी मसूर बसली. दुसरं म्हणजे मसुरीला एक खोड आहे, ओल मिळत राहिली तर ती फुलतच राहते, वाढतच राहते, शेंगा भरायचं मनावरच घेत नाही. तिला जरा ताण बसावा लागतो तेव्हा ती थांबते आणि दाणा भरते. ऑगस्टमध्ये कोरडं पडणारं सॅस्कॅचवान या बाबतीत तिला फारच मानवलं.

अडचण होती काढणीची. शेंगा जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर लागतात, आपल्याकडे हाताने उपटतात किंवा विळ्याने कापतात त्यामुळे प्रश्न येत नाही, पण हजार-दोन हजार एकरांचं शेत कंबाईनने काढायचं तर पातं जमिनीला टेकवूनच चालवावं लागतं, आणि मधे दगड आला की पातं तुटलं. म्हणून पेरणी झाली की शेतावर मोठे जड लोखंडी रोलर फिरवतात, दगड मातीत दाबून टाकतात, जमीन कॅरमबोर्डासारखी सपाट. झाड उगवून आल्यावरही रोलर फिरवला तरी कोवळी मसूर पुन्हा उभी राहते, कारण तिच्या मातीखालच्या डोळ्यांमधून नवा कोंब फुटतो.

आता लाल मसुरीकडे येऊ, कारण आपला संबंध तिच्याशी. लेअर्ड हिरवी, आतून पिवळी. भारत, बांगलादेश, तुर्कस्तान, आखाती देश यांना पाहिजे लाल, टरफल काढून फोडलेली, झटकन शिजणारी. स्लिंकर्डनंतर बर्ट वँडेनबर्ग यांनी हे काम पुढे नेलं आणि त्यांच्या काळात सॅस्कॅचवान लाल मसुरीकडे वळला. दाण्याचा आतला रंग लाल की पिवळा हे मुख्यतः एका जनुकावर ठरतं आणि लाल रंग प्रभावी असतो. बाहेरचं टरफल मात्र वेगळ्या जनुकांच्या हातात, म्हणून बाहेरून तपकिरी-करडी दिसणारी मसूर आतून लालभडक निघते. कराड-कोल्हापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर जो आख्खा मसूर मिळतो त्याचा दाणा चावून बघा, तेच दिसेल.

संकर कसा करतात ते एकदा नीट सांगतो, कारण 'नवीन वाण विकसित केलं' या एका वाक्यात किती कुटाणा दडलेला असतो हे कळत नाही. मसुरीचं फूल नखाएवढंही नसतं, आणि ते उमलायच्या आधीच आतल्या आत स्वतःचं परागीभवन उरकून घेतं. म्हणून कळी असतानाच पकडायची. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, पाकळ्या हळूच बाजूला करायच्या, आत दहा पुंकेसर असतात ते पिवळे व्हायच्या आत एकेक करून सगळे उपटायचे, स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये, लागला तर कळी गेलीच. मग दुसऱ्या वाणाचं उमलू घातलेलं फूल आणून त्याचे पराग तिथे टेकवायचे आणि चिठ्ठी बांधायची. एवढं करून बऱ्याच कळ्या गळूनच पडतात, जी शेंग धरते तिच्यात एक, फार तर दोन दाणे. पिवळ्या मसुरीच्या आईवर लाल मसुरीचे पराग टाकले असतील तर मात्र एक सोय आहे: तो दाणा आतून लाल निघाला की संकर जमला, कारण आतला डाळीचा भाग हा पुढच्या पिढीचा असतो, आईचा नाही. टरफलाला बारीक चीर पाडून बघितलं की कळतं. असे थोडेसे दाणे मिळाल्यावर पुढे पिढ्यामागून पिढ्या पेरायच्या, निवडायच्या, वेगवेगळ्या गावांत चाचण्या घ्यायच्या. वाण शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात.

एवढा काळ पैसे कोण देणार? इथे मला या युनिव्हर्सिटीची सगळ्यात हुशार पार्टनरशिप दिसते, आणि ती कुठल्या मोठ्या कंपनीबरोबर नाही. सॅस्कॅचवानमध्ये कडधान्य विकलं की त्या बिलातून थोडा हिस्सा कापला जातो, आधी शेकडा 1 डॉलर होता, 2018 पासून 0.67, आणि तो पैसा सॅस्कॅचवान पल्स ग्रोअर्स या शेतकऱ्यांच्याच मंडळाकडे जातो. मंडळाने तो वर्षानुवर्षं युनिव्हर्सिटीच्या पैदास कार्यक्रमात घातला आणि बदल्यात नवी वाणं शेतकऱ्यांना रॉयल्टीशिवाय मिळत गेली. आपल्याकडे मांजरीचं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट साखर कारखान्यांच्या आधारावर उभं राहिलं, साधारण त्याच जातीचा विचार. सरकार बदललं, मंत्री बदलला, ग्रँट आटली तरी मसुरीचं काम बंद पडत नाही कारण पीक विकलं गेलं की पैसा येतोच.

कंपन्याही आहेत अर्थात. मसूर तणाशी लढण्यात अगदी लेचीपेची, मोठं तण आलं की गुदमरते. स्लिंकर्ड-वँडेनबर्ग मंडळींनी बियाण्यांवर रसायनाची प्रक्रिया करून जनुकात बदल घडवले आणि हजारो रोपांतून इमिडाझोलिनोन गटातलं तणनाशक सहन करणारं रोप शोधून काढलं, बीएएसएफ कंपनीबरोबर ते क्लिअरफील्ड नावाने बाजारात आलं. यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही, त्यामुळे ते जीएम पीक धरलं जात नाही. मॅक्सिम नावाचं लाल वाण याच प्रकारातलं, आणि ते प्रचंड चाललं. 2016 साली, जे संयुक्त राष्ट्रांनी कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, कॅनडाने 30 लाख टनांच्या वर मसूर काढली. तणनाशकांचा विषय आपल्यालाही लागू आहे, काढणीआधी पीक एकसारखं वाळावं म्हणून तिथे ग्लायफोसेट वापरायची पद्धत आहे, आणि 2018 मध्ये आपल्या एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम बघणाऱ्या सरकारी संस्थेने, आयात डाळींमधल्या ग्लायफोसेटवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. युनिव्हर्सिटीच्या कौतुकात हे विसरून चालणार नाही.

अलीकडच्या कामात मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे जिनोमचं, जिनोम म्हणजे पिकाच्या डीएनएची पूर्ण पोथी. मसुरीत गुणसूत्रांच्या फक्त 7 जोड्या, पण जिनोम साधारण 4 अब्ज अक्षरांचा, माणसापेक्षाही मोठा! कर्स्टिन बेट यांच्या नेतृत्वाखाली सॅस्काटूनच्या टीमने इतर देशांतल्या गटांबरोबर तो वाचला, रेडबेरी या स्वतःच्याच लाल वाणाचा. आणि नुसता वाचून थांबले नाहीत. जगभरातली 324 वेगवेगळी मसुरीची वाणं घेतली आणि 9 ठिकाणी पेरली, सॅस्कॅचवान होतंच, इटली, स्पेन, मोरोक्को, नेपाळ, बांगलादेश आणि आपलं भोपाळसुद्धा. प्रश्न एकच, कुठे कोण कधी फुलतं.

कारण मसुरीला फुलायला दिवस किती मोठा आहे हे लागतं. सॅस्काटूनमध्ये जूनमध्ये सोळा तासांहून मोठा दिवस, आणि आपल्याकडे मसूर रब्बीत, डिसेंबर-जानेवारीच्या लहान दिवसांत. कॅनडाचं वाण भोपाळला लावलं तर ते फुलायला इतका उशीर करतं की तोपर्यंत ऊन तापायला लागतं. आणि इथलं वाण तिकडे नेलं तर मोठा दिवस बघून ते घाईघाईने फुलतं, झाड होतं एवढंसं, दाणे हातावर मोजण्याइतके. हजारो वर्षांपूर्वी मसूर पश्चिम आशियातून गंगेच्या मैदानात आली तेव्हा हीच अडचण आली असणार, लवकर फुलणारी थोडीच झाडं तगली, आणि म्हणून भारतीय उपखंडातल्या मसुरीत विविधता कमी आहे असं संशोधक मानतात. फुलण्याची जनुकं कळली की बाहेरची चांगली जनुकं, रोगप्रतिकाराची म्हणा, दाण्याच्या आकाराची म्हणा, इथल्या लवकर येणाऱ्या मसुरीत आणणं सोपं होतं. म्हणजे हा प्रोजेक्ट कॅनडाच्या पैशाने झाला तरी फायदा फक्त तिकडचा नाही.

बांगलादेशबरोबरची भागीदारी याहून वेगळी. सॅस्कॅचवानच्या मातीत सेलेनियम चांगलं असतं, त्यामुळे तिथल्या मसुरीतही उतरतं. बांगलादेशात बोअरवेलच्या पाण्यात आर्सेनिक. शरीरात सेलेनियम आर्सेनिकला बांधून बाहेर काढायला मदत करतं, मग सेलेनियमवाली डाळ खायला दिली तर? कॅलगरी युनिव्हर्सिटी आणि बांगलादेशी संशोधकांबरोबर सुमारे 400 लोकांवर 6 महिने हा प्रयोग झाला, एका गटाला सॅस्कॅचवानची मसूर, दुसऱ्याला सेलेनियम कमी असलेली. सेलेनियमवाल्या गटात लघवीतून आर्सेनिक जास्त बाहेर पडताना दिसलं. याचा अर्थ डाळ खा आणि दूषित पाणी प्या असा कोणी काढू नये, विहीर बदलणं हाच उपाय. दुसरा प्रयोग ब्रॅक या संस्थेबरोबर, किशोरवयीन मुलींना लोह मिसळलेली मसूर डाळ देऊन, आणि त्यात मुलींच्या शरीरातलं लोह घसरण्याला अटकाव झाल्याचं दिसलं. तांदळाऐवजी डाळीत लोह घालायचं ही कल्पना मला पटते, डाळ तर रोज शिजतेच.

आपल्या सरकारने 2017 च्या डिसेंबरात मसुरीवर 30 टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा सॅस्कॅचवानमधल्या शेतकऱ्यांची झोप उडाली होती, नंतर ते कमी झालं, शून्यावर आलं, मार्च 2025 मध्ये पुन्हा 10 टक्के. पण तिथल्या पैदासकारांशी बोलणारे लोक आज शुल्कापेक्षा मुळांबद्दल जास्त बोलतात. ॲफॅनोमायसिस नावाचा बुरशीसारखा जीव मसूर-वाटाण्याची मुळं कुजवतो, सॅस्कॅचवानमध्ये तो 2012 मध्ये पहिल्यांदा पक्का सापडला, आणि त्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात. सल्ला असा आहे की एकदा तो शेतात आला की सहा ते आठ वर्षं तिथे मसूर किंवा वाटाणा लावू नये. जिथे मसूर हेच पडीक जमिनीचं उत्तर होतं तिथे हे ऐकायला कसं वाटत असेल! पूर्ण प्रतिकार करणारं वाण अजून कोणाकडे नाही. सॅस्काटूनवाले आता मसुरीच्या रानटी भाऊबंदांमध्ये शोधतायत, भूमध्य समुद्राच्या बाजूला वाढणारी लेन्स एर्व्हॉइडिस नावाची जात, जिच्यातून अँथ्रॅकनोज रोगाचा प्रतिकार त्यांनी आधी मिळवला होता. हा संकर साध्या चिमट्याने होत नाही, शेंगेत गर्भ मरून जातो, म्हणून तो कोवळा असतानाच बाहेर काढून लॅबमध्ये पोषक जेलीवर वाढवावा लागतो. आणि त्यातून रोप आलंच तर त्याच्या शेंगा लवकर तडकतात, दाणा बारीक, चव कशी कोण जाणे, मग पुन्हा लागवडीच्या मसुरीशी संकर, पुन्हा निवड, पुन्हा ती आठ-दहा वर्षं.